एक घर पुढे

टिक्.

खजुराची एक बी चुन्याच्या जमिनीवर आपटली आणि घरंगळत कोपऱ्यात गेली. आवाज एवढासाच, पण दुबईतल्या दुपारची ती जड शांतता फुटायला तेवढाही पुरला. कुबराचे डोळे उघडले. छपरावरचा वारा खाली ओढून आणणाऱ्या बुरुजाखाली चटई टाकून ती आडवी झाली होती. वरून वळणं घेत उतरणारी झुळूक कपाळावर आधी गरम लागायची, मग कोमट, आणि डोळा लागता लागता अगदी गार. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या अरुंद पट्टीत कुबराला नेहमी वाटायचं, की आपण श्रीवर्धनला माहेरी आहोत आणि भिंतीपलीकडे जे चुळुकचुळुक वाजतंय ती आपलीच खाडी आहे.

“गेली कुठे ही?” अजरा जमिनीवर ओणवी होऊन बी शोधत होती. सात वर्षांची पोर, दोन वेण्या, एक कायम सुटलेली. तिनं कोळशानं जमिनीवर चौकोनांची एक लांबलचक रांग काढली होती, एकाच्या घरापासून विसाच्या घरापर्यंत, आणि खजुराची बी त्या घरांतून टुणटुण उडवत ती हिशोब करत होती. बी सापडली. पोरीनं ती पुन्हा रांगेच्या सुरुवातीला ठेवली.

“सात,” ती पुटपुटली. बी उडाली. “आणि पाच.” बी पुन्हा उडाली. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आपल्याशीच, थोडंसं घाबरून, “तेरा.”

कुबरानं डोळे परत मिटून घेतले. तेरा. पुन्हा तेरा.

ही पोर मूर्ख नव्हती, हे तिच्या आईला पक्कं ठाऊक होतं. पाढे तिला पंधरापर्यंत तोंडपाठ. पावकी म्हणायची, निमकी म्हणायची, आणि तीही नाचत नाचत. नवा हिशोब घातला, की मात्र तिचं उत्तर नेमकं एक घर पुढे जाऊन उभं राहायचं. आणि वजाबाकी घातली, की एक घर मागे. कुबरानं रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं. पोर मान हलवायची, पुन्हा करायची, आणि पुन्हा तिथंच जाऊन पडायची, जणू त्या घरात तिचं कुणी राहत होतं.

एरवी कुबरानं ते हसण्यावारी नेलं असतं. पण येत्या जुम्म्याला गनीभाई येणार होते.

गनीभाई म्हणजे कुबराचे मोठे दीर. खाडीपलीकडे देऱ्यात एका व्यापाऱ्याच्या वखारीवर ते मुकादम होते. तय्यबला, म्हणजे कुबराच्या नवऱ्याला, इथं आणलं त्यांनीच, नोकरी दिली त्यांनीच, हे घरही त्यांनीच बघून दिलं. म्हणून घरातल्या कुठल्याही गोष्टीवर शेवटचा शब्द त्यांचा. ते आता मुंबईच्या बोटीनं गावी, रत्नागिरीकडे, निघाले होते. गावात त्यांची आई मैमुनाबी एकटी होती आणि तिनं निरोप धाडला होता, की अजराला माझ्याकडे पाठवा, इथं शाळा आहे, पोरीचं नुकसान करू नका.

“खोटं काय बोलते आई?” गनीभाई गेल्या जुम्म्याला जेवताना म्हणाले होते. “इथं आपल्या भाषेची शाळा नाही. पोर वाळूत उड्या मारते दिवसभर. पुढे काय करणार, बकऱ्या मोजणार?”

“मी शिकवते ना, भाईजी,” दाराआडून कुबरा म्हणाली होती. तिचं तिलाच नवल वाटलं होतं. दिरासमोर ती कधी बोलली नव्हती.

गनीभाईंनी माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. “बरं. मग मी बघतो. जायच्या आधी पोरीला चार हिशोब घालीन. आले तर राहू दे तुझ्यापाशी. नाही आले तर माझ्याबरोबर बोटीत. खलास.”

तय्यब खाली मान घालून भात कालवत राहिला.

*

दिवस कलला, असरची बांग झाली, भिंतींच्या सावल्या अंगणात उतरल्या, आणि कुबराचा वर्ग भरला.

वर्ग म्हणजे पाच पोरं. शेजारच्या ताजबीचे दोघे, जमाल आणि रफिक. समोरची रुकय्या आणि तिचा धाकटा भाऊ, जो अजून बोटं चोखायचा. आणि अजरा. पाट्या दोनच होत्या, आणि बसून शिकवायचं तर त्या उकाड्यात पोरं खिडकीवरच्या मेणबत्तीसारखी एका बाजूला कलंडायची. म्हणून एक दिवस कुबरानं पाट्या बाजूला ठेवल्या, हातात काठी घेतली आणि अंगणातल्या वाळूत घरं आखली. उंबऱ्यापासून थेट विहिरीपर्यंत. उंबऱ्यावर उभं राहायचं, हिशोब ऐकायचा आणि उड्या मारत उत्तराच्या घरात जाऊन पोचायचं. बेरीज विहिरीकडे, वजाबाकी उंबऱ्याकडे.

त्या दिवसापासून पोरं बोलवावी लागली नाहीत.

मग एकेक खेळ सुचत गेला. जमाल सगळ्यांत उंच, म्हणून तो दशक. बाकीची पोरं एकक. त्यांनी अंगणभर पुरलेल्या खजुराच्या बिया शोधून आणायच्या, ओंजळीत दहा झाल्या की धावत जमालकडे जायचं, बिया त्याच्या पायाशी ओतायच्या आणि त्याच्याकडून माडाच्या झावळीचा, चुकलं, खजुराच्या झावळीचा एक हीर घ्यायचा. कुबराच्या तोंडून अजून माडच निघायचा. आणि सगळ्यांत आवडता खेळ आब्र्याचा. खाडीतून माणसं पलीकडे नेणारी ती होडी, आपल्याकडे तिला ‘तर’ म्हणतात. दोराच्या गोलाला आब्रा म्हणायचं. गोलात इतकीच माणसं मावतात, धक्क्यावर इतकी उभी आहेत, तर फेऱ्या किती? नावाडी व्हायला पोरं भांडायची. “यल्ला, यल्ला!” असं ओरडत दोर कंबरेला घेऊन अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायची. त्या धावण्यात भागाकार कधी होऊन जायचा, त्यांना कळायचंही नाही.

“शाळा आहे का आट्यापाट्या?” भिंतीवरून ताजबीचं डोकं वर आलं. ती कपडे वाळत घालायला गच्चीवर यायची आणि वर्ग सुटेपर्यंत खाली उतरायची नाही. “माझा रफिक काल झोपेत लाथा मारत होता. म्हणतो काय, नऊ नि सहा, नऊ नि सहा. त्याच्या बापाच्या कंबरेत बसली एक.”

“मग पंधरा म्हणाला का शेवटी?”

“बाप म्हणाला. वेगळंच काहीतरी म्हणाला.”

कुबरा तोंडाला पदर लावून हसली. मग तिनं काठी उचलली. “अजरा, तू ये. आठ आणि तीन.”

अजरा उंबऱ्यावर उभी राहिली. पोरं एका सुरात मोजायला लागायच्या आतच तिचा पाय पहिल्या घरात पडलेला होता. “एक!” पोरं ओरडली तेव्हा ती दुसऱ्या घरात होती. वेण्या उडवत, वाळू उडवत ती गेली आणि बाराच्या घरात दोन्ही पाय जुळवून थांबली.

“अजरा पुढच्या घरात! अजरा पुढच्या घरात!” रफिक टाळ्या पिटत नाचला.

“घाई करू नकोस गो!” कुबराचा आवाज चढला. “मोजायच्या आधी निघतेस तू. हळू. नीट. परत.”

पोर परत आली. या वेळी तिनं घाई केली नाही. उंबऱ्यावर उभी राहिली, क्षणभर ओठ मिटले, एक पाऊल पहिल्या घरात सावकाश ठेवलं, अगदी जपून, कुणी झोपलेलं असावं तसं. मग “एक” म्हणून दुसऱ्या घरात. आणि पुन्हा बाराच्या घरात जाऊन तिनं आईकडे पाहिलं. त्या नजरेत चुकल्याची भीती नव्हती. आपण सगळं बरोबर केलं आणि तरी आई का रागावते, एवढंच तिला कळत नव्हतं.

कुबराच्या हातातली काठी खाली आली. तिला एकदम दिसलं, की ही सगळी घरं वाळूतून उठून पाण्यावर पसरली आहेत, खाडीच्या तोंडातून बाहेर, खोल निळ्या दर्यावर, एकापुढे एक, आणि पोर त्यांच्यावरून उड्या मारत चालली आहे, दर वेळी एक घर जास्त पुढे. हाक पोचणार नाही एवढी पुढे.

“चाची, माझी पाळी,” रुकय्यानं तिचा पदर ओढला.

*

संध्याकाळी तय्यब आला, हातपाय धुतले, चहाची पेली घेऊन अंगणात बसला. समोर पोरीच्या उड्यांचे ठसे होते.

“आज आलं का तिला?”

“नाही.”

तो बराच वेळ पेलीत फुंकर घालत राहिला. चहा केव्हाच निवला होता.

“अजराचे अब्बा, तुम्ही भाईजींना सांगा ना. पुढच्या साली पाठवू म्हणून सांगा.”

“भाईला? मी?” तय्यब हसला, पण ते हसू कुठं जाऊन बसावं हे त्याला कळेना. “कुबरा, मी त्यांच्यासमोर पान खातानासुद्धा तोंड फिरवतो. आणि आईचंही खोटं नाही. ती एकटी आहे. तिच्याजवळ पोर राहिली तर—”

“आणि मी?”

तय्यबनं पेली खाली ठेवली.  वाईट माणूस नव्हता तो. बाजारातून येताना रोज कुणाला ना कुणाला जेवायला घेऊन येणारा, भूक कुणाच्या चेहऱ्यावर दिसली की ‘चल भाई, घर चल’ म्हणणारा. फक्त थोरल्या भावापुढे त्याचे शब्द, उन्हात ठेवलेल्या गुळासारखे, मऊ होऊन जागीच बसायचे.

*

जुम्म्याच्या आदल्या दिवशी, जुमेरातीला सकाळी कुबरानं दुसऱ्या दिवसाच्या जेवणाची तयारी काढली. गनीभाई येणार म्हणजे त्यांच्याबरोबर वखारीतले दोघे-तिघे येणारच. सुरमई उद्या ताजी येईल, मसाला आज वाटून ठेवायचा, तांदूळ आज निवडायचा. ती पाट्या-वरवंट्यापाशी बसली होती, हात तिखटानं लाल झाले होते.

“अजरा, तांदूळ काढ गो. सहा करवंट्या.”

अजरानं तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं आणि आत हात घातला. घासून गुळगुळीत केलेली नारळाची ती करवंटी कुबरानं माहेराहून आणली होती. घरातलं माप तेच. पोरीनं ती भरली, हातानं वरून सपाट केली, क्षणभर ओठ मिटले, आणि सुपात ओतली. सावकाश. जपून.

मग दुसरी भरली. “एक,” ती म्हणाली.

कुबराचा वरवंटा थांबला.

“दोन,” अजरा म्हणाली. “तीन.”

सहा म्हणून होईपर्यंत कुबरा बघत राहिली. सुपात सात करवंट्या तांदूळ पडले होते. झाकण लावून पोर उठू लागली.

“अजरा. किती काढलेस?”

“सहा. तू सांगितलेस तेवढे.”

“आणि पहिली करवंटी? ती नाही मोजलीस?”

पोरीनं आईकडे असं पाहिलं, जणू आईनं काहीतरी लाजिरवाणं विचारलं होतं. मग जवळ येऊन, भिंतींना ऐकू जाऊ नये इतक्या हळू तिनं सांगितलं, “ती बरकतीची ना. ती कुठे मोजतात?”

कुबराचे लाल हात तिच्या मांडीवर तसेच राहिले.

हे तिचंच होतं. तिच्या आईचं, आईच्या आईचं. श्रीवर्धनच्या त्यांच्या घरात कुणी धान्य मापताना पहिलं माप कधी मोजलं नव्हतं. बिस्मिल्ला म्हणायचं, पहिलं माप मनातल्या मनात बरकतीच्या नावानं टाकायचं, आवाज न करता, आणि मग एकापासून सुरुवात. ते माप आल्यागेल्याचं. मोठ्यानं म्हटलं, मोजलं, की त्यातली बरकत जाते, असं म्हणायचे. कुबरा रोज दोन वेळा हेच करत आली होती. इतकं रोज, की आपण असं काही करतो हेच तिला माहीत नव्हतं. तय्यबनं अचानक आणलेल्या पाहुण्याला या घरात भात कधी कमी पडला नव्हता, आणि का पडला नव्हता याचा तिनं कधी विचार केला नव्हता. आणि तीन वर्षांची असल्यापासून डब्याशी उभी राहून पोर बघत होती, शिकत होती. मग वाळूतलं पहिलं घरही ती बरकतीला देऊन टाकत होती. पुढे जाताना एक, मागे येताना एक. घाई नव्हतीच ती. अदब होती.

आणि आपण तिच्यावर ओरडत होतो.

“इकडे ये,” कुबरा म्हणाली. तिखटाचे हात दूर धरून तिनं पोरीला कोपरांच्या मध्ये ओढून घेतलं.

“अम्मा, तू रडतेस?”

“मिरची आहे. मिरची गेली डोळ्यात.”

“मग हात धू.”

कुबरानं हात धुतले. दोघी अंगणात आल्या. उन्हाचा चटका अजून वाळूत भरला नव्हता. आता काय सांगायचं? हिशोबात बरकत नसते, असं सांगितलं की झालं, उद्याचं काम भागलं. शब्द तिच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. तिला ते पोरीला सांगवेना. खोटंही वाटत नव्हतं, खरंही वाटत नव्हतं.

ती काठी हातात घेऊन उंबऱ्याशी उभी राहिली. मग खाली वाकून तिनं एकाच्या घराच्या अलीकडे, उंबऱ्याला टेकून, आणखी एक घर आखलं. त्यात आकडा लिहिला नाही.

“हे कुणाचं घर?” अजरानं विचारलं.

“तू ये, ह्यात उभी राहा. उभी राहिलीस? आता म्हण मनातल्या मनात, तुला जे म्हणायचंय ते. पण पाय उचलायचा नाही. बरकत काही उडी मारत नाही ना? ती असते तिथंच, आपण निघायच्या आधी. म्हटलंस?”

पोरीनं ओठ मिटले. मान हलवली.

“आता पाय उचल. आता एक.”

“एक,” अजरा म्हणाली आणि एकाच्या घरात गेली. खाली पाहिलं. वर पाहिलं. “आठ आणि तीन घाल.”

“आठ आणि तीन.”

ती परत आली, बिनआकड्याच्या घरात उभी राहिली, ओठ मिटले, आणि निघाली. अकराच्या घरात दोन्ही पाय जुळवून थांबली तेव्हा सकाळच्या त्या कोवळ्या उन्हात तिच्या पायांभोवती वाळूची धूळ सोन्यासारखी तरंगत होती. कुबराला वाटलं, हे आपण कधीतरी स्वप्नात पाहिलं आहे. नाहीतर पुढे कधीतरी पाहणार आहोत.

“अजून घाल,” अजरा म्हणाली. “वजाबाकी घाल. मोठी घाल.”

गच्चीवरून ताजबी ओरडली, “अगो, आज सकाळपासूनच? तुमच्याकडे चूल पेटते का नाही?”

*

जुम्म्याची नमाज झाली, जेवणं झाली, पाहुण्यांनी हात धुतले. वखारीतली माणसं बाहेरच्या ओट्यावर विड्या ओढायला गेली. गनीभाई बैठकीत लोडाला टेकले. भरलेला माणूस, मेंदी लावलेली दाढी, कडक इस्तरीचा सदरा. तय्यब त्यांच्या शेजारी, लग्नातल्या नवऱ्या मुलासारखा ताठ बसला होता. कुबरा दाराच्या पडद्याआड उभी राहिली. पडदा तिच्या श्वासानं हलत होता म्हणून तिनं तो मुठीत धरला.

“बस, अजराबाय,” गनीभाई म्हणाले. “इथं, माझ्यासमोर. सात आणि पाच किती?”

अजरा मांडी घालून बसली. तिचे पाय मांडीखाली वळवळले. 

“सात आणि पाच.”

तिनं डोळे मिटले. ओठ मिटले. आतल्या आत काहीतरी पुटपुटली.

गनीभाईंनी तय्यबकडे पाहिलं. तय्यबनं सतरंजीच्या नक्षीकडे पाहिलं. “हे काय? तोंडात काय कुजबुजते ही?”

“काही नाही, बडेअब्बा.”

“काहीतरी आहे. सांग मला.”

“सांगायचं नसतं ते.”

“बडेअब्बाला सांगायचं नसतं?” भुवया वर गेल्या. “तय्यब, ऐकलंस?”

आणि तेव्हा तय्यब बोलला. सतरंजीकडे बघतच बोलला, पण बोलला. “भाई, तिला बसून येत नाही. तिला उभी राहू द्या. अंगणात चला ना जरा. इथंच तर आहे अंगण.”

पडद्याआड कुबराची मूठ आणखी घट्ट झाली.

गनीभाई कण्हत उठले, सदरा सारखा केला, अंगणात आले. वाळूतल्या घरांची रांग बघून त्यांनी तिला वळसा घातला, कुणाचं वाळत घातलेलं काही तुडवू नये तसा. अजरा धावत जाऊन उंबऱ्याशी उभी राहिली.

“ह्या घरात आकडा नाही,” त्यांनी बोट दाखवलं. “विसरलात?”

कुबरा पडद्यातून बाहेर आली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती म्हणाली, “विसरलो नाही, भाईजी. ते बरकतीचं आहे. आमच्या माहेरी पहिलं माप मोजत नाहीत. पोर तेच शिकली माझ्याकडून, आणि सगळे हिशोब एक घर पुढे जायला लागले. म्हणून बरकतीला तिचं घर दिलं. तिथं उभं राहून मनात म्हणायचं, मग निघायचं.”

गनीभाई बघत राहिले. मग एकदम त्यांचं पोट हलायला लागलं.

“पहिलं मोजत नाहीत? या अल्ला! आमच्या वखारीत पहिल्या गोणीला हमाल मोठ्यानं बरकत म्हणतात. बरकत, दोन, तीन, अशी मोजणी. पण ती गोणी मोजतात, बाय! श्रीवर्धनवाल्यांना मुकादम केलं, तर गलबतामागे एक गोणी गायब. मालक मला खाडीत बुडवील. तय्यब, तुझ्या घरात इतकी वर्षं रोज एक माप जास्त शिजतंय, तुला पत्ता आहे?”

“नाही,” तय्यब म्हणाला. “पण उरत पण नाही, भाई.”

ओट्यावरची माणसं हसली. गनीभाईंनी दाढी कुरवाळली. “बरं. चल, बघू तुमची बरकत. सात आणि पाच.”

ओठ मिटले. पाय हलले नाहीत. मग एक, मग दोन. अजरा बाराच्या घरात थांबली.

“चौदातून सहा?”

ती चौदाच्या घरात गेली, तिथं क्षणभर उभी राहिली, आणि उलट्या पायांनी, मागे न बघता, आठावर आली.

“हं.” गनीभाईंनी हात पाठीशी बांधले. आता त्यांना हिशोब घालण्यात गंमत वाटायला लागली होती, आणि कुबराला त्याचीच धास्ती वाटली. “आता हे वाळूत मावणार नाही. ऐक. आब्र्यात बारा माणसं बसतात. धक्क्यावर तीस उभी आहेत. किती फेऱ्या?”

अजरा रांग सोडून बाहेर आली. तिनं अंगणाच्या या टोकाकडे पाहिलं, त्या टोकाकडे पाहिलं, आणि धावत सुटली. “बारा!” पलीकडच्या भिंतीला हात लावून परत. “चोवीस!” पुन्हा परत. उंबऱ्याशी येऊन ती थांबली. दम लागला होता. उरलेल्या सहा माणसांकडे ती बघत होती. खरोखरच बघत होती, जणू ती तिथं ओळीनं उभी होती, बोचकी घेऊन.

“दोन फेऱ्या, आणि बाकी सहा,” गनीभाई म्हणाले. “असंच ना? दोनच?”

 ही फसवणूक होती, आणि मोठ्या माणसानं सांगितल्यावर पोर मान हलवील, हे कुबराला दिसत होतं.

अजरानं मान हलवली नाही. “तीन,” ती म्हणाली. “त्यांना पण घरी जायचंय.”

आणि ती शेवटची फेरी धावून आली.

 पलीकडे खाडीत कुणा नावाड्यानं कुणाला तरी लांबलचक हाक घातली. गनीभाईंनी वाकून पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

“आईला मी सांगतो काय ते,” ते तय्यबला म्हणाले. “तिला यंदा मीच जरा जास्त राहून सोबत करीन. पुढल्या सालाचं पुढल्या साली, इन्शाल्ला.” मग कुबराकडे न बघता, बुरुजाकडे बघत, “आणि भात चांगला झाला होता, बाय. उरला असेल तर माझ्याबरोबर बांधून दे.”

“उरला नाही, भाईजी,” कुबरा म्हणाली. ते हसत हसतच बाहेर पडले.

*

सगळे गेल्यावर कुबरा उंबऱ्यावर बसली.  सूर्य बुरुजामागे गेला होता, अंगण निळं निळं होत चाललं होतं. तय्यब भावाला आब्र्यापर्यंत पोचवायला गेला होता. दूर कुठेतरी पाणीवाल्याच्या गाढवाची घंटा वाजत होती, आणि वाऱ्यानं घरांच्या रेघा एकेक करून बुजत होत्या.

अजरा येऊन तिच्या मांडीवर डोकं टेकून आडवी झाली. कुबरा तिची सुटलेली वेणी घालू लागली. तीन पेड, एकावर एक. केसांत वाळू होती.

“मला बोटीत नाही जायचं ना आता?”

“नाही.”

“दादी रडेल?”

“बडेअब्बा आहेत ना तिच्याजवळ. समजावतील.”

पोरीनं डोळे मिटले. कुबराला वाटलं, झोपली. पुढे सांगण्यासारख्या शंभर गोष्टी तिच्या मनात होत्या. उद्या आब्र्याला अजून एक दोर जोडू, रफिकला दशक करू, जमालला जरा धावू दे. आपलं माणूस आपल्या मांडीवर असलं म्हणजे जग किती हलकं असतं. तिनं वेणीला रिबीन बांधली आणि गाठ घट्ट केली.

तेवढ्यात अजरानं डोकं उचललं. अंधुक उजेडात तिचे डोळे अगदी जागे होते.

“अम्मा,” ती म्हणाली, “मी चुकले असते, तर तू मला जाऊ दिलं असतंस?”